अंड्यांचं वजन आणि यंत्रातला ओलावा: एका उबवणीच्या नोंदी

यंत्र थर्माकोलच्या पेटीचं. आत पंखा, अंडी फिरवणारा ट्रे, तळाला पाण्याच्या दोन खाचा, झाकणावर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिस्प्ले. अंडी कोंबडीची, 24. मागच्या खेपेला तापमान सांभाळलं होतं, अंडी वेळेवर फिरवली होती, तरी बरीच पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मेली. फोडून पाहिलं तर पिल्लं फुगलेली, चोचीपाशी पाणी. म्हणजे ओलावा जास्त झाला. डिस्प्ले मात्र 21 दिवस 50 टक्के दाखवत होता. म्हणून या खेपेला तापमानाबद्दल फार लिहिणार नाही. ते 37.5 अंशांवर ठेवलं आणि तिथेच राहिलं. नोंदी ओलाव्याच्या आहेत.

अंडी ठेवण्याआधी: मीटरची परीक्षा

आर्द्रता मोजणारे दोन सुटे मीटर (हायग्रोमीटर) घेतले. त्यांच्यावर विश्वास ठेवायच्या आधी मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घातलं. मीठ ओल्या वाळूइतपत झालं की थांबायचं. मिठावर पाणी तरंगायला लागलं तर पाणी जास्त झालं, मग अजून मीठ घालायचं. हे झाकण आणि दोन्ही मीटर एका घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवले आणि डबा रात्रभर अजिबात उघडला नाही. ओल्या मिठावरची बंद हवा 75 टक्क्यांवर येऊन स्थिरावते. खोली थोडी गार असो की गरम, आकडा जवळपास तोच राहतो, म्हणून ही चाचणी सोयीची.

सकाळी पहिला मीटर 68 वर होता, दुसरा 76 वर. पहिला बाजूला टाकला. त्यात 7 मिळवून वापरता आला असता, पण 75 ला 7 ची चूक असली म्हणजे 50 लाही 7 चीच असेल असं नाही. दुसऱ्यावर मार्करने मोठा ‘ब’ लिहिला. यापुढे जिथे नुसती आर्द्रता म्हटली आहे, तिथे ती ‘ब’ची समजा.

यंत्राचा स्वतःचा सेन्सर काढून डब्यात घालता येत नाही. त्याची परीक्षा ‘ब’च्या शेजारी बसूनच होणार.

दिवस 0

अंडी रात्रभर यंत्राबाहेर खोलीत ठेवली होती. गार जागेतून आणलेली अंडी तशीच दमट हवेत ठेवली तर कवचावर दव धरतं आणि ते दव कवचावरची घाण छिद्रांतून आत नेतं.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने नंबर टाकला आणि 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करून तेही कवचावरच लिहिलं. स्केचपेन नको, त्याची शाई छिद्रांत शिरते. सर्वांत लहान अंडं 50 ग्रॅमचं, सर्वांत मोठं 64.2 चं. 24 मिळून 1,336 ग्रॅम.

हिशेब असा. कोंबडीच्या अंड्याचं वजन अठराव्या दिवसापर्यंत 11 ते 13 टक्के घटायला हवं. घटतं ते पाणी. ते कवचातून उडतं आणि त्याच्या जागी रुंद टोकाला हवेची पोकळी वाढते. शेवटी पिल्लू आतला पडदा फोडून पहिला श्वास घेतं तो याच पोकळीत. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू ओल्यात गुदमरतं. जास्त उडालं तर पिल्लू लहान, अशक्त राहतं आणि पडद्याला चिकटतं. मी 12 टक्के धरले. 1,336 चे 12 टक्के म्हणजे 160 ग्रॅम. 18 दिवसांत वाटले तर दिवसाला जेमतेम 9 ग्रॅम.

रोजच्या या 9 ग्रॅमसाठी 0.1 चा काटा लागत नाही. सगळी अंडी एका रिकाम्या ट्रेमध्ये घालून 1 ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तरी चालतं. एकेक अंड्याचं वजन मात्र बारीक काट्यावरच, कारण एक अंडं दिवसाला अर्धा ग्रॅमसुद्धा हलत नाही.

एका खाचेत पाणी भरलं, दुसरी कोरडी ठेवली. हवेचं भोक अर्धं उघडं.

दिवस 1 आणि 2

डिस्प्ले 50, ‘ब’ 58. जागा बदलून पाहिली: मध्ये, कोपऱ्यात, पंख्याच्या समोर. फरक 7 ते 8 टक्क्यांचाच. बाहेर सतत पाऊस.

दिवस 3

पहिलं वजन 1,319. म्हणजे 17 ग्रॅम घट, हवी होती 27.

तरी खात्री करायला तिसरा साक्षीदार आणला. ओल्या बल्बचा थर्मामीटर. साध्या काचेच्या थर्मामीटरच्या बल्बवर बुटाच्या सुती नाडीचा पोकळ तुकडा चढवला, त्याचं दुसरं टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडलं आणि बल्ब पंख्याच्या झोतात येईल असा टांगला. नाडीतलं पाणी उडतं, बल्ब गार होतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त गार. नाडी नवी असेल तर आधी उकळून घ्यावी लागते, नाहीतर तिच्यावरच्या खळीमुळे पाणी वर चढत नाही. माझी पहिली नाडी अर्ध्यातच कोरडी राहिली होती आणि थर्मामीटर मजेत 36 दाखवत होता.

दुसऱ्या नाडीने 30 अंश दाखवले. कोरडा (नाडी नसलेला) 37.5 आणि ओला 30 म्हणजे आर्द्रता 58 टक्के. ‘ब’ खरा, डिस्प्ले खोटा. मागच्या खेपेचं कोडं इथेच सुटलं: 50 वाचत होते आणि पिल्लं 58 मध्ये होती.

ज्यांच्याकडे हायग्रोमीटर नाही त्यांच्यासाठी, कोरडा थर्मामीटर 37.5 वर असताना: ओला 27 म्हणजे सुमारे 44 टक्के, 28.5 म्हणजे 51, 30 म्हणजे 58, 32 म्हणजे 68. एवढे चार आकडे यंत्राच्या झाकणावर चिकटवले तरी काम भागतं. बाटलीत शुद्ध केलेलं, क्षार नसलेलं पाणी घाला. साध्या पाण्याने नाडीवर पांढरा थर बसतो आणि ओला थर्मामीटर हळूहळू जास्त दाखवू लागतो.

संध्याकाळी खाचेतलं सगळं पाणी उपसलं, फडक्याने पुसलं, भोक पूर्ण उघडलं.

दिवस 4

पाण्याचा थेंब नाही, तरी आर्द्रता 53. डिस्प्ले 45 दाखवतोय. त्याच्याकडे बघणं बंद केलं, वर कागदाची पट्टी चिकटवली.

पाणी नसताना 53 कुठून येतात? खोलीतून. खोली 28 अंश, आर्द्रता 85. हीच हवा यंत्रात शिरून 37.5 अंशांना तापली की तिची आर्द्रता 50 टक्क्यांवर येते. वरचे 2-3 टक्के अंड्यांच्याच पाण्याचे. म्हणजे पाऊस असेपर्यंत या खोलीत हे यंत्र 50 च्या खाली जाऊच शकत नाही, मग भोक कितीही उघडा.

उलट बाजूनेही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 20 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची खोली असेल तर तीच हवा यंत्रात जेमतेम 22 टक्के भरते. म्हणून ‘एक खाच भरा’, ‘दोन्ही भरा’ असल्या सूचना कागदावर छापून काही उपयोग नाही. एकाच यंत्राला थंडीत दोन्ही खाचा कमी पडतील आणि पावसात रिकाम्या खाचाही जास्त होतील.

दिवस 5

अर्धा दिवस वाया. खोली कोरडी करायची म्हणून हीटर लावला. खोली 31 अंशांवर गेली, खोलीतली आर्द्रता 85 वरून 71 वर आली. बरं वाटलं. यंत्रात पाहिलं तर 53 चे 53. हवा तापवली तरी तिच्यातली वाफ जिथल्या तिथेच. खोलीत नाही तापली तरी यंत्रात ती 37.5 ला तापणारच होती. हीटरने आकडा बदलला, पाणी नाही.

मग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या यंत्रात टाकल्या. दोनेक तास 49 दिसले, रात्रीपर्यंत पुन्हा 53. भोक उघडं असलेल्या पेटीत बाहेरची दमट हवा येतच राहते, मूठभर जेल तिला कुठवर पुरणार. आणि जेल टिकावं म्हणून भोक बंद करायचं तर अंड्यांची हवाच बंद. पुड्या काढल्या.

दिवस 7

अंधारात टॉर्चवर अंडी पाहिली. 3 अगदी स्वच्छ, म्हणजे फलितच नव्हती. एकात रक्ताचं कडं, वाढ सुरू होऊन थांबलेली. चारही काढली. बाकी 20 मध्ये शिरांचं जाळं आणि हलणारा ठिपका.

इथे वजनाचा हिशेब बिघडू शकतो. 4 अंडी बाहेर गेल्यावर एकूण वजन धाडकन उतरतं आणि ‘वा, घट झाली’ असं वाटतं. कवचावर मूळ वजनं लिहिलेली होती म्हणून अडलं नाही. उरलेल्या 20 चं मूळ वजन 1,120, आजचं 1,085. घट 35 ग्रॅम, 3.1 टक्के. आजपर्यंत 4.7 टक्के व्हायला हवी होती.

पोकळीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवली. रेघा रुंद टोकाच्या अगदी जवळ आहेत, सातव्या दिवसाच्या मानाने पोकळ्या लहानच.

आता उरलेल्या 11 दिवसांत 99 ग्रॅम घटायला हवेत, म्हणजे दिवसाला 9. सध्या पडताहेत 5. हवेतून पाणी खरोखर काढणारी वस्तू घरात एकच आहे, एसी. तो पाणी नळीतून बाहेर टाकतो. संध्याकाळी यंत्र उचलून एसीच्या खोलीत नेलं. खोली 24 अंश, आर्द्रता 55. यंत्र एसीच्या झोतापासून लांब, भिंतीच्या आडोशाला. खोली गार असल्यामुळे यंत्राचा हीटर जास्त वेळ चालू राहायला लागला. तासभर 36.8 ते 37.9 अशी झुलाझुल चालली, मग बसलं. सुट्या थर्मामीटरने तपासल्याशिवाय झोपू नका.

रात्री 11 वाजता आर्द्रता 27.

दिवस 8

घरातून विचारणा: सगळीकडे 45 ते 50 ठेवा म्हणतात, 27 म्हणजे अंडी वाळवायचीत का?

रास्त शंका आहे. पण अंड्याला आजचा आकडा कळत नाही, त्याचं एकूण किती पाणी गेलं एवढंच मोजलं जातं. पहिला आठवडा दमट गेला, तो भरून काढायला दुसरा कोरडा हवा. पहिल्या दिवसापासून 27 ठेवायला मी सांगत नाही. कोरड्या पद्धतीने उबवणारे लोक 25 ते 35 वर अठरा दिवस काढतात, त्यांचं चालतंही, पण तेही वजनावर किंवा पोकळीवर नजर ठेवूनच.

दिवस 10

वजन 1,060. 3 दिवसांत 25 ग्रॅम, रोजचे 8 च्या वर. काटा हलला.

दिवस 14

वजन 1,027. टॉर्चवर एक अंडं वेगळं दिसलं: आत हालचाल नाही, शिरा विरलेल्या, सावली सैल डुचमळते. 57 ग्रॅमचं अंडं, आता 52 चं. काढलं.

उरलेली 19. मूळ 1,063, आज 975, घट 8.3 टक्के. हवी होती 9.3. अजून एक टक्का मागे. पोकळीची नवी रेघ मारली. सातव्या दिवसाच्या रेघेपासून बोटभर खाली आली आहे आणि एका बाजूला तिरकी झाली आहे, तशी ती होतेच.

दिवस 18, सकाळ

वजन 943. घट 120 ग्रॅम, 11.3 टक्के. 11 ते 13 च्या पट्ट्यात आलो.

आज एकेक अंडंही बारीक काट्यावर तोललं आणि इथे जरा गप्प झालो. सरासरी 11.3, पण खाली 8.7 पासून वर 14.1 पर्यंत पसारा. एकाच यंत्रात, एकाच हवेत, शेजारी शेजारी बसलेली अंडी. मोठी अंडी कमी घटली: 64.2 ग्रॅमचं 8.7 टक्के, 63 चं 9.1. पातळ कवचाची, खरबरीत अंडी सर्वांत जास्त. मोठ्या अंड्याला त्याच्या वजनाच्या मानाने कवच कमी पडतं, शिवाय प्रत्येक कोंबडीच्या कवचाची छिद्रं वेगळी. ट्रेचं एकत्र वजन हे सगळं झाकून टाकतं. कमी घटलेल्या त्या दोन अंड्यांवर पेन्सिलने फुली मारली. त्यांच्यासाठी आता करण्यासारखं काही नाही.

दिवस 18, दुपार

फिरवणं बंद, फिरवणारा ट्रे बाहेर. जाळीवर रबराची खरबरीत चटई अंथरली, नाहीतर ओल्या पिल्लांचे पाय घसरून फाकतात. अंडी आडवी ठेवली. इथून पुढे आर्द्रता हवी 65 ते 70 टक्के, कारण पिल्लाने कवच टोचलं की आतला पडदा उघडा पडतो. तो वाळला की पिल्लाभोवती आवळून बसतो आणि त्याला वळताच येत नाही.

दोन्ही खाचा काठोकाठ भरल्या. एसीच्या खोलीत 46 च्या वर जाईना. खोल भांडं ठेवलं, त्यात लिटरभर पाणी. 2 टक्के वाढले. पाणी किती खोल याला काही अर्थ नाही, हवेला लागणारा पृष्ठभाग किती हे महत्त्वाचं. खोल भांडं काढून पसरट ताटली ठेवली, तिच्यात स्पंजचे तुकडे उभे केले. 57.

मग सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं: कोरड्या खोलीचं काम संपलंय. यंत्र परत दमट खोलीत आणलं, जिथे नुसत्या हवेनेच 50 मिळतात. तीच ताटली, तेच स्पंज, निम्मं पाणी. तासाभरात 68. कवच टोचायला सुरुवात व्हायच्या आधी उचलून नेण्यात काही धोका नाही. नंतर मात्र हलवू नये.

भोक उघडंच. ओलावा वाढत नाही म्हणून भोक बंद करणारे खूप आहेत. पण याच दिवसांत पिल्लाला सर्वांत जास्त हवा लागते. ओलावा पाण्याने वाढवायचा, हवा कोंडून नाही.

झाकण न उघडता पाणी घालता यावं म्हणून भोकातून एक बारीक प्लास्टिकची नळी ताटलीपर्यंत सोडली आणि बाहेरच्या टोकाला सुई काढलेली सिरिंज लावली. यापुढे पाणी कोमट, 38-40 अंशांचं. गार पाणी ओतलं की आर्द्रता आधी खाली जाते, मग चढते.

दिवस 19

काही नाही. रात्री खोली गार झाली तेव्हा यंत्राच्या पारदर्शक खिडकीला आतून वाफ धरली, सकाळी गेली. कान लावला तर दोन अंड्यांतून बारीक चिवचिव.

दिवस 20

सकाळी सहाला पहिला टवका. दुपारपर्यंत 7 अंड्यांना. टवक्यानंतर 12 ते 24 तास काहीच घडत नाही असं वाटतं, आणि याच वेळात लोकांचे हात शिवशिवतात. आत पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागलेलं असतं, पडद्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक अंगात ओढून घेत असतं. मदत करायला गेलात तर रक्त वाहील.

रात्री दहाला पहिलं पिल्लू. ओलं, उताणं, आणि लगेच शेजारच्या अंड्यावर चढलेलं.

दिवस 21, पहाट

5 पिल्लं. आर्द्रता 68 वरून 79. ओल्या पिल्लांच्या अंगावरचं पाणी हवेत जातं, तेव्हा हे होणारच. आतापर्यंत बंद ठेवलेलं दुसरं भोकही उघडलं, नळीने पाणी घालणं थांबवलं. 79 मध्ये पिल्लं वाळत नाहीत, चिकट राहतात.

दिवस 21, दुपार

11 पिल्लं. वाळलेली बाकीच्या अंड्यांवर फुटबॉल खेळत होती, टवके पडलेली अंडी उलटीपालटी होत होती. झाकण उघडून 8 पिल्लं ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, हलवली. घाई नव्हती, पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. पण गर्दी बघवेना.

झाकण दीड मिनिट उघडं असेल. आर्द्रता 72 वरून 41. परत 65 वर यायला 25 मिनिटं गेली, तीही कोमट पाणी घालून. त्या वेळी 3 अंड्यांना टवके होते. तासाभराने खिडकीतून पाहिलं तर एकाच्या टवक्यातला पडदा पांढरा राहिला नव्हता, कडेने पिवळट आणि कडक झाला होता.

जुन्या सुती फडक्याचा तुकडा कोमट पाण्यात पिळून पटकन त्या अंड्यांजवळ ठेवला, टवक्यावर नाही. टवका झाकला तर नाकात पाणी जातं. आर्द्रता 74 पर्यंत जाऊ दिली.

दोन अंडी संध्याकाळपर्यंत स्वतःहून फुटली.

दिवस 21, रात्र

तिसरं, पिवळ्या पडद्याचं, तिथल्या तिथे. टवका पडून 20 तास झाले होते. चोच हलते, आवाज आहे, पण चीर पुढे सरकत नाही. बाहेर काढून कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवला आणि पडद्याच्या वाळलेल्या कडेला नुसता टेकवला. पडदा ओला झाला की पारदर्शक होतो आणि त्यातल्या शिरा दिसतात. एका बाजूला लाल शीर भरलेली दिसली, म्हणजे अजून वेळ आहे. परत ठेवलं. तीन तासांनी पुन्हा तसंच पाहिलं, शीर रिकामी. तेव्हा चिमट्याने रुंद टोकाचं कवच टवक्यापासून गोलाकार थोडं थोडं सोडवलं, पडदा पिल्लाच्या पाठीवरून सुटला आणि थांबलो. उरलेलं त्याने पायांनी ढकललं. अर्ध्या तासात बाहेर. पिसं दोरीसारखी चिकटलेली, बाकी ठीक.

दिवस 22

15 पिल्लं. 4 अंडी शांत. टॉर्चवर हालचाल नाही, आवाज नाही. अजून दिवसभर ठेवली.

दिवस 23: न फुटलेली 4

हे काम कोणाला आवडत नाही, पण ओलाव्याबद्दल खरं सांगणारी हीच अंडी. बाहेर, हातमोजे घालून, रुंद टोकाकडून फोडली.

पहिलं: पिल्लाचं डोकं निमुळत्या टोकाला. उलटं बसलेलं. याचा ओलाव्याशी संबंध नाही.

दुसरं: सतराव्या-अठराव्या दिवसाच्या आसपास थांबलेलं, पोकळी ठीक, कारण दिसत नाही.

तिसरं आणि चौथं: फुली मारलेली, 64.2 आणि 63 ग्रॅमची. दोन्हींत पूर्ण वाढलेलं पिल्लू, कवचात ठासून भरलेलं, बलकाचा गोळा पोटात पूर्ण न गेलेला. चोचीने आतला पडदा फोडलेला, पण पोकळी लहान आणि चोचीपाशी पाणी. मागच्या खेपेला जे पाहिलं होतं, नेमकं तेच.

ज्या अंड्याची घट 14.1 टक्के होती, त्यातलं पिल्लू निघालं. लहानखुरं आहे, पण चालतंय. पिवळ्या पडद्याचं अंडं घटीच्या बाबतीत अगदी मधलं, 11.6 टक्क्यांचं होतं. त्याची अडचण 18 दिवसांतली नव्हती, झाकण उघडलं त्या दीड मिनिटातली होती.

आवराआवर आणि पुढची खेप

ताटली, चटई साबणाने धुऊन उन्हात. स्पंज टाकून दिले, पिल्लं निघाल्यावर त्यात जे साचतं ते धुऊन जात नाही. त्यांच्या जागी उकळता येतील अशा सुती फडक्याच्या पट्ट्या. नाडीवर क्षाराचा हलका थर होताच, शुद्ध पाणी वापरूनसुद्धा. प्रत्येक खेपेला नवी. डिस्प्लेवरची कागदाची पट्टी काढली नाही, तिच्यावर ‘8 मिळवा’ लिहिलं. हा फरक पुन्हा तपासायचाय, कारण दमट हवेत राहून सेन्सर आणखी सरकतात.

पुढच्या खेपेसाठी 52 ते 60 ग्रॅमचीच अंडी निवडली. यंत्र पहिल्या दिवसापासून एसीच्या खोलीत, अठराव्याला दमट खोलीत. सुरुवात 45 टक्क्यांवर, एका खाचेत थोडं पाणी घालून. एकेक अंड्याचं वजन शून्याव्या आणि अठराव्या दिवशीच नाही, सातव्यालाही. तेव्हाच कळलं की एखादं मागे पडतंय, तर निदान तशी अंडी भोकाजवळ, कोरड्या झोतात सरकवून बघता येतील. त्याने किती फरक पडतो ते काट्यावर दिसेल.

मिठाचा डबा परत लावलाय. ‘ब’ आज सकाळी 77 दाखवतोय.